टिएरा आणि बोंडअळी : प्रस्तावना

परभणी जिल्ह्यात उत्क्रांती शिकवायला जीवाश्म लागत नाहीत, कापसाचे एक बोंड फोडले तरी पुरते. मानवत, सेलू, पाथरी या पट्ट्यातल्या कोणत्याही कास्तकाराने बाहेरून धडधाकट दिसणारे बोंड फोडून आत गुलाबी अळी पाहिलेली असते. अळी मारणारे प्रथिन ज्या वाणाच्या बियाण्यातच घातलेले आहे, त्याच वाणाची सरकी खाऊन ती पोसलेली असते. २००२ साली बीटी कापसाला आपल्या देशात परवानगी मिळाली, तेव्हा त्या झाडावर गुलाबी अळी जगत नव्हती. आज जगते. मधल्या वर्षांत अळी बदलली.

हे पुस्तक मात्र कापसावर नाही. थॉमस रे या अमेरिकी परिसंस्थाशास्त्रज्ञाने संगणकात निर्माण केलेल्या कृत्रिम जीवांची ओळख त्यात आहे. स्वतःची नक्कल काढणारे, नक्कल करताना चुकणारे, त्या चुकांतून बदलत जाणारे आणि अखेर एकमेकांवर जगायला शिकलेले हे प्रोग्रॅम आहेत. मराठवाड्यातल्या वाचकाला हा विषय दूरचा वाटण्याची शक्यता आहे. मला तो आपल्या इतका जवळचा वाटतो की, ज्याने पऱ्हाटीत हिंडून बोंडे फोडली आहेत त्याला रे यांचे काम शहरी संगणकतज्ज्ञापेक्षा लवकर उमजेल, असे मी खात्रीने म्हणेन. ही प्रस्तावना त्याच खात्रीतून लिहिली आहे.

रे मुळात संगणकाचे माणूस नव्हते. तरुणपणी ते कोस्टा रिकाच्या पावसाळी जंगलात वेलींचा अभ्यास करत होते. १९७५ साली डोनाल्ड स्ट्राँग यांच्यासोबत त्यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात एक विलक्षण निरीक्षण प्रसिद्ध केले. मॉन्स्टेरा या वंशातल्या एका वेलीचे कोवळे रोप जमिनीवर रुजले की उजेडाकडे न जाता अंधाराकडे सरकत जाते. जंगलाच्या तळाशी सर्वात गडद अंधार म्हणजे जवळच्या मोठ्या झाडाचे खोड. ते सापडले की वेल वळण घेते आणि उजेडाच्या दिशेने वर चढू लागते. वेलीला मेंदू नाही, झाड म्हणजे काय हे तिला ठाऊक नाही. एक साधा नियम आणि त्या नियमाला साजेसे रान, एवढ्यावर ती आपला आधार शोधून काढते. कृत्रिम जीव या विषयाचे बीज या निरीक्षणात आहे, असे मला नेहमी वाटत आले आहे. बुद्धी वरून ओतावी लागते असे नाही. साध्या नियमांच्या असंख्य देवघेवीतूनही बुद्धीसारखे काहीतरी उगवून येते.

पुढे हार्वर्डला शिकताना ‘गो’ हा पटावरचा खेळ खेळता खेळता एका संगणक जाणणाऱ्याकडून त्यांना कळले की, स्वतःची नक्कल काढणारा प्रोग्रॅम लिहिता येतो. ती कल्पना त्यांच्या डोक्यात कित्येक वर्षे पडून राहिली. मधल्या काळात या विषयाला नाव आणि घर मिळाले. क्रिस्टोफर लँग्टन यांनी १९८७ च्या सप्टेंबरमध्ये लॉस अलामोस येथे कृत्रिम जीवांवरची पहिली परिषद भरवली. त्यामागे जॉन फॉन नॉयमन यांनी मांडलेला स्वतःची नक्कल करणाऱ्या यंत्राचा सिद्धांत होता, जॉन कॉनवे यांचा १९७० साली प्रसिद्ध झालेला ‘गेम ऑफ लाइफ’ होता आणि जॉन हॉलंड यांची जनुकीय गणनपद्धती होती. या साऱ्यांची ओळख पुस्तकात यथास्थित येईल. त्या वेळी रे डेलावेअर विद्यापीठात शिकवत होते. त्यांनी ‘टिएरा’ नावाची व्यवस्था रचली आणि १९९० च्या जानेवारीत ती पहिल्यांदा चालू केली.

टिएराची रचना नीट समजून घेण्याजोगी आहे. रे यांनी संगणकातच एक काल्पनिक संगणक उभारला. त्यामुळे आतले जीव बाहेरच्या खऱ्या यंत्रात शिरू शकत नव्हते. आतली स्मृती म्हणजे जीवांची जागा आणि प्रोसेसरचा वेळ म्हणजे त्यांची ऊर्जा, अशी त्यांची मांडणी होती. साठ हजार सूचना मावतील एवढी ती जागा. तिच्यात त्यांनी स्वतः लिहिलेला एक जीव सोडला, ८० सूचनांचा. तो स्वतःची लांबी मोजतो, तेवढी मोकळी जागा मागतो, स्वतःची एकेक सूचना तिथे उतरवतो आणि नवा जीव वेगळा करतो. प्रत्येकाला आळीपाळीने थोडा वेळ मिळतो. जागा भरत आली की रांगेत पुढे असलेले, म्हणजे जुने आणि जास्त चुका करणारे, काढून टाकले जातात. आणि अधूनमधून, कोणताही हेतू न ठेवता, एखादा बिट उलटतो. एवढेच. कोणता जीव चांगला हे ठरवणारा परीक्षक इथे नाही, गुण नाहीत, ध्येय नाही. टिकेल तो टिकेल.

त्या पहिल्या पूर्वजानंतर रे यांना एकही जीव हाताने लिहावा लागला नाही. आधी ७९ सूचनांचे जीव आले. कमी सूचना म्हणजे नक्कल लवकर, म्हणून ते फोफावले. मग एक ४५ सूचनांचा जीव दिसू लागला. इतक्या कमी सूचनांत नक्कल काढणे शक्यच नव्हते, कारण नक्कल करणारा भागच त्याच्यात नव्हता. तो शेजाऱ्याच्या सूचना वापरून स्वतःची नक्कल काढून घेत होता. हा परजीवी होता. तो कुणी लिहिला नव्हता, कुणी मागितला नव्हता. पुढे यजमानांत असे काही निपजले की परजीवीला त्यांचा उपयोगच करून घेता येईना. परजीवी घटले. त्यानंतर परजीवीलाच फसवणारे आले. परजीवी त्यांच्या सूचना वाचायला येई, आणि ते त्याचा प्रोसेसरवरचा वेळ आपल्या कामाला जुंपत. मग एकमेकांच्या मदतीशिवाय वाढू न शकणारे आले, आणि त्या मदतीत घुसून फुकट खाणारेही आले. एका प्रयोगात तर परजीवी नसलेला, स्वतःची नक्कल काढणारा अवघ्या २२ सूचनांचा जीव निघाला. रे यांचा मूळ जीव त्याच्या तिपटीहून मोठा होता.

वाचकाने इथे थोडे थांबावे. जिथे नक्कल करणारे काही आहे, नक्कल करताना चुकण्याची सोय आहे आणि जागा अपुरी आहे, तिथे दुसऱ्याच्या श्रमावर जगणारा येतोच. त्यासाठी पेशी लागत नाही, रक्त लागत नाही, माती लागत नाही. परजीवीपण हा निसर्गातला अपघात किंवा दुष्टपणा नाही, उत्क्रांतीच्या हिशेबातून ते आपोआप निघते. जंगलात वर्षानुवर्षे काढलेल्या माणसाने हे संगणकात पाहिले, म्हणून त्याला ते ओळखता आले. दुसऱ्या कुणाला ४५ सूचनांचा तो जीव प्रोग्रॅममधला बिघाड वाटला असता.

आता परभणीकडे येऊ. इथल्या कृषी विद्यापीठाची स्थापना १८ मे १९७२ ची. या विद्यापीठाने भेंडीचे एक वाण देशभर पोहोचवले, परभणी क्रांती. भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडत जाणारा हळद्या रोग पांढऱ्या माशीमार्फत पसरतो, आणि तेव्हाचे लोकप्रिय पुसा सावनी वाण त्याला बळी पडत होते. एन. डी. जांभळे आणि वाय. एस. नेरकर यांनी एका रानटी भेंडीवर्गीय वनस्पतीतली प्रतिकारशक्ती संकर आणि पुनर्संकर करून लागवडीच्या भेंडीत आणली. १९८० च्या दशकात हे वाण आले आणि त्याने भेंडी उत्पादकांना मोठा आधार दिला. काही वर्षांनी ती प्रतिकारशक्ती ओसरली. वाणात दोष नव्हता. जितक्या जास्त रानात एकच प्रतिकार उभा राहतो, तितका त्याला भेदणाऱ्या विषाणूचा फायदा मोठा होतो. टिएरात यजमान प्रतिकारक्षम झाल्यावर जे घडले, तेच इथे उलट्या बाजूने घडले.

बोंडअळीचे प्रकरण याहून बोलके आहे, आणि त्यात परभणीच्या शेतकऱ्याला शिकण्यासारखे व शिकवण्यासारखे बरेच आहे. बीटी कापसात बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूचे एक प्रथिन असते, ते अळीच्या आतड्याला भोके पाडते. हजारो-लाखो अळ्यांत एखादीच अशी असते की तिच्यावर त्याचा परिणाम होत नाही. ती जगली, आणि तिच्याचसारख्या दुसऱ्या जगलेल्याशी तिचा मेळ झाला, तर पिल्ले सगळी प्रतिकारक्षम. पण शेजारी बिगर बीटी कापूस असेल तर तिथून साधे पतंग भरपूर उडतील, त्या दुर्मीळ प्रतिकारक्षम पतंगांचा मेळ त्यांच्याशी होईल, आणि अशा जोडीची पिल्ले बीटी झाडावर मरतील. बियाण्याच्या पाकिटासोबत बिगर बीटी बियाणे देऊन कडेला पाच ओळी किंवा वीस टक्के क्षेत्र लावा असे सांगितले जात होते, ते यासाठी. हाच आश्रयपट्टा. बहुतेकांनी ते लावले नाही. ज्या ओळींवर अळी पडणार हे ठरलेलेच आहे त्या ओळी कशासाठी पेरायच्या, हा शेतकऱ्याचा प्रश्न त्याच्या जागी रास्त होता. त्या ओळी पिकासाठी नाहीत, अळीच्या पुढच्या पिढीचे जनुक सौम्य ठेवण्यासाठी आहेत, हे त्याला पटेल अशा भाषेत कुणी फारसे सांगितले नाही.

अमेरिकी बोंडअळीचे काय, असा प्रश्न जाणता वाचक विचारील. तीही कापसाचीच कीड होती आणि १९९० च्या दशकात तिने हाहाकार माजवला होता. ती मात्र तुरीवर जगते, हरभऱ्यावर जगते. आपल्याकडे कापसाच्या बांधाला तूर असतेच आणि रब्बीत हरभरा असतो. तिच्यासाठी सारे रानच आश्रयपट्टा होते, कुणी न लावता लावलेला. गुलाबी अळी जवळपास केवळ कापसावर जगते. तिच्यासाठी बिगर बीटी झाड उरलेच नाही. त्यात आपल्याकडचा कापूस संकरित. संकरित झाडाच्या बोंडातल्या सरकीत सगळ्या दाण्यांत विषारी प्रथिन सारखे नसते. एकाच बोंडात काही दाणे विषारी, काही अर्धवट, काही बिनविषारी, आणि अळी आतल्या आत एका दाण्यावरून दुसऱ्यावर जाते. प्रतिकार वाढवायला याहून सोयीची जागा मिळणे कठीण. त्यावर फरदड, म्हणजे डिसेंबरनंतरही पाणी देऊन ठेवलेली पऱ्हाटी. गुलाबी अळीची पिढी साधारण महिन्याभरात पुरी होते. हंगाम दोन-तीन महिने लांबला की तेवढ्या पिढ्या जास्त. २०१० साली गुजरातमधून पहिल्या प्रथिनाला दाद न देणाऱ्या गुलाबी अळीची नोंद झाली. दोन प्रथिनांचे बियाणे तोवर आलेले होते, तेही पुढच्या काही वर्षांत निष्प्रभ ठरले. २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रात गुलाबी अळीने कापसाचे मोठे नुकसान केले.

हे टाळता येण्याजोगे होते याचे दोन दाखले परदेशात आहेत. अमेरिकेत अॅरिझोनामध्ये सरळ वाणे आणि आश्रयपट्टे होते, २००६ पासून आश्रयपट्ट्यांची जागा मोठ्या संख्येने सोडलेल्या नपुंसक पतंगांनी घेतली. २०१८ साली अमेरिकेने आपला कापूस पट्टा गुलाबी अळीपासून मुक्त झाल्याचे जाहीर केले. त्या यशाचा उलगडा करताना संगणकातल्या अळ्यांच्या पिढ्यांचे हिशेब उपयोगी पडले. चीनमध्ये यांगत्से नदीच्या खोऱ्यात शेतकरी संकरित कापसाच्या दुसऱ्या पिढीचे बी पेरत, त्यात चौथाई झाडे बिगर बीटी निघत. ती रीत नकळत आश्रयपट्ट्याचे काम करत होती आणि तिथे अळीचा प्रतिकार घटत गेल्याचे संशोधन २०१७ साली प्रसिद्ध झाले. आपल्याकडे मिश्रण बोंडाच्या आत होते, तिथे शेतात झाडाझाडांतही होते. बदल एवढाच, आणि परिणाम अगदी उलटे. मोठमोठ्या धोरणांपेक्षा अशा बारकाव्यांवर पिके तरतात किंवा बुडतात. ते बारकावे दिसायला कृत्रिम जीवांच्या रीतीने विचार करावा लागतो.

कृत्रिम बुद्धिमत्तेचा बोलबाला आज परभणीतही पोहोचला आहे, आणि ते चांगलेच आहे. विद्यापीठात राष्ट्रीय कृषी उच्च शिक्षण प्रकल्पातून रोबोट, ड्रोन आणि स्वयंचलित वाहने शेतीत आणण्यासाठी डिजिटल शेतीचे केंद्र उभे राहिले. राज्याने २०२५ मध्ये शेतीतल्या कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी स्वतंत्र धोरण स्वीकारले. किडींच्या टेहळणीची पद्धतशीर यंत्रणा तर त्याआधीपासून आहे. २००८ साली सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळ्यांचा उद्रेक झाला, त्यानंतर २००९-१० पासून राज्यात ‘क्रॉपसॅप’ सुरू झाले आणि गावोगावच्या नोंदी गोळा होऊ लागल्या. मुंबईच्या वाधवानी एआय या संस्थेने कापसासाठी केलेले काम मला विशेष मोलाचे वाटते. कामगंध सापळ्यात अडकलेले पतंग कागदावर ओतायचे, मोबाइलने फोटो काढायचा, आणि प्रोग्रॅम त्यातले बोंडअळीचे पतंग मोजून फवारणीची वेळ आली की नाही ते सांगतो. रेंज नसलेल्या शिवारातही तो चालावा म्हणून त्याचा आकार मुद्दाम लहान केलेला आहे. सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात आठ पतंग, ही गुलाबी अळीची आर्थिक नुकसानीची पातळी. ती हाताने मोजताना कंटाळा येतो, चुका होतात, मोजणी राहून जाते. यंत्राला कंटाळा येत नाही. हे काम शेतकऱ्याच्या कामाचे आहे, आणि त्यावर परभणीत अधिक मेहनत व्हायला हवी.

माझा आग्रह त्यापुढचा आहे. फोटोतले पतंग मोजणारी बुद्धी आज किती आहेत ते सांगते. त्यांच्या अंगात कोणते जनुक आहे, पुढच्या पिढीत काय उरेल, हे तिला दिसत नाही. आणि ज्या क्षणी ती हजारो शेतकऱ्यांना एकच सल्ला एकाच वेळी देते, त्या क्षणी तो सल्लाच अळीवर पडणारा निवडीचा दाब होतो. तालुक्यातल्या साऱ्या रानांवर एकाच दिवशी एकच औषध फवारले गेले तर त्यातून वाचणारा पतंग कोणता, याचा विचार त्या बुद्धीच्या रचनेत आधीच असायला हवा. सल्ला देणारा प्रोग्रॅम, सल्ला पाळणारा शेतकरी आणि त्यातून वाचणारी अळी हे तिघे एकाच उत्क्रांतीचे भाग आहेत. रे यांच्या टिएराने हे अत्यंत स्वच्छ दाखवून दिले. प्रतिस्पर्धी स्थिर आहे असे मानून आखलेली कोणतीही हुशारी थोडेच दिवस टिकते.

याची दुसरी बाजूही पुस्तकात आहे. प्रतिस्पर्ध्याचा उपयोग करून घेता येतो. डॅनी हिलिस यांनी १९९० च्या सुमारास संगणकात सोळा आकडे क्रमाने लावणाऱ्या जाळ्या उत्क्रांत केल्या. आधी त्या ६५ तुलनांच्या जाळीवर अडकल्या. मग त्यांनी त्या जाळ्यांना छळणारे परजीवी सोडले, म्हणजे जाळी चुकेल असेच आकडे शोधणारे प्रश्न. परजीवीही उत्क्रांत होत गेले, आणि जाळी ६१ तुलनांपर्यंत आली. माणसाने शोधलेली उत्तम जाळी ६० तुलनांची होती. स्वतःशीच ‘गो’ खेळून शिकलेला २०१७ चा ‘अल्फागो झीरो’ हा प्रोग्रॅम याच जातकुळीतला. ज्या यंत्राला आपण शिकवतो त्याला विरोधक द्यावा लागतो, आणि विरोधकालाही शिकू द्यावे लागते.

टिएराच्या मर्यादा लपवण्याचे कारण नाही. तिच्यातले जीव आखूड होत गेले, चलाख होत गेले, पण अमर्याद गुंतागुंतीकडे गेले नाहीत. काही काळाने नवे येणे थांबे. जपानमध्ये काम करत असताना रे यांनी टिएरा अनेक संगणकांच्या जाळ्यावर पसरवून पाहिली. जागा मोठी आणि विविध झाली तर जीवही विविध होतील, अशी त्यांची आशा होती. ती पुरेशी फळाला आली नाही. १९९३ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या ‘अविडा’ या तशाच व्यवस्थेने तो धागा पुढे नेला, आणि २००३ साली रिचर्ड लेन्स्की व सहकाऱ्यांनी त्यात दाखवले की अवघड क्षमता एकदम येत नाही, साध्या क्षमतांच्या पायऱ्यांनी येते, आणि त्या वाटेवरचे काही बदल सुरुवातीला तोट्याचेही असतात. उत्क्रांती न थांबता पुढे कशी जात राहील, हा प्रश्न आजही उघडा आहे. हे जीव खरोखर जिवंत आहेत का, हा वाद त्यापुढे मला दुय्यम वाटतो. त्यांच्यावरून खऱ्या जीवांबद्दल काय कळते, यात मला रस आहे.

पुस्तक वाचताना कृषी आणि संगणक या दोन्ही शाखांच्या विद्यार्थ्यांनी हाताशी संगणक ठेवावा. टिएरा पुन्हा लिहिण्याची गरज नाही. शंभर बाय शंभर झाडांचे एक कापसाचे रान काढावे, प्रत्येक पतंगाला प्रतिकाराच्या जनुकाच्या दोन प्रती द्याव्यात, आणि पिढ्यांमागून पिढ्या चालवाव्यात. आधी आश्रयपट्टा न ठेवता, मग पाच ओळी ठेवून, मग झाडे शेतभर मिसळून. एकदा हंगाम डिसेंबरात संपवावा, एकदा फरदड मार्चपर्यंत न्यावी. एका संध्याकाळी होणारे हे काम आहे, आणि त्यातून जे दिसेल ते कोणत्याही पत्रकाने पटणार नाही इतके पटते.

त्यानंतर एक खरा प्रश्न घ्यावा, ज्याचे उत्तर या पुस्तकात नाही. परभणीच्या महबूब बाग संशोधन केंद्राने देशी कापसाची वाणे जपली आणि सुधारली, पीए २५५ म्हणजे परभणी तुराब त्यातलेच. देशी कापसात बीटी नाही, आणि त्याची सरकी घरी ठेवता येते. आश्रयपट्ट्याच्या बिनउत्पन्नाच्या ओळींऐवजी शेतकऱ्याने देशी कापूसच लावला, तर त्याला त्या ओळींतूनही रुई मिळेल. पण देशी कापसावर गुलाबी अळीचे पतंग पुरेसे निघतील का? त्याची पाते-फुले संकरित कापसाच्या वेळेशी जुळतील का, की तिकडचे पतंग उडतील तेव्हा इकडचे अजून कोषातच असतील? संगणकातल्या रानात दोन्ही कापसांच्या फुलोऱ्याच्या तारखा घालून हे पाहता येईल. त्या तारखा आणि सापळ्यांतल्या पतंगांचे आकडे मात्र इथल्याच शिवारातून, दर आठवड्याला, पेरणीपासून शेवटच्या वेचणीपर्यंत आणावे लागतील.